ओली फरशी आणि माझे पाय

३ तारीख, सोमवार, सकाळ
डॉक्टर म्हणाला, ओरडू नका, राग आला की वहीत लिहून काढा, प्रेशर उतरेल. बघू. आजपासून कुणावर ओरडणार नाही.

३ तारीख, दुपार
ओरडले. टाइलच्या फॅक्टरीत, टेस्टिंगच्या खोलीत मी इतकी वर्षं फरश्या धुते, पुसते, मशीनखाली ठेवते. आणि काल आलेली चष्मेवाली मॅडम चांगल्या मालावर रिजेक्टचा शिक्का मारते. पांढरी, चकचकीत, तोंड दिसेल अशी फरशी. तिचं मशीन म्हणजे काय, तर रबराचा तुकडा लावलेला दांडा. वरून सोडायचा, ओल्या फरशीवरून घासत जातो. फार पुढे गेला तर म्हणे फरशी निसरडी. दांड्याला काय कळतंय? मी चपला काढून त्याच ओल्या फरशीवर चालून दाखवलं. जरा म्हणून घसरले नाही. तर खाली वाकून म्हणाली, काकू, या टाचा आहेत की पॉलिशपेपर? असल्या भेगांवर तुम्ही काचेवरूनसुद्धा चालाल.
काकू म्हणे. हिच्याहून थोडीशीच मोठी असेन.

५ तारीख, बुधवार
सासूचं खुब्याचं ऑपरेशन झालं. सोळाला दवाखान्यातून सोडणार. राहणार कुणाकडे, माझ्याकडे की धाकट्या जावेकडे? म्हणाली, आधी दोन्ही बाथरूम बघते, मग ठरवते. भाजी निवडावी तशी. मला काही फरक पडत नाही. पण मोठी सून मी आहे. आणि भांडायला सासू नसली की घर खायला उठतं.
जावेकडे काळी खडबडीत फरशी. बाथरूम आहे की गोठा. ठरलं. रिजेक्ट माल कामगारांना मिळतो. आमच्या बाथरूमला तीच पांढरी लावणार. सासूचे डोळे दिपले पाहिजेत.

११ तारीख, मंगळवार
गवंड्याने विचारलं, ताई, ही भिंतीला ना? म्हटलं, खाली. म्हणाला, एकदा साहेबांना विचारून घ्या. साहेब म्हणजे आमचे हे. हे म्हणाले, तिलाच विचार. लावली एकदाची. लावताना सारखी मान हलवत होता. सांगून टाकलं, मान हलवायची मजुरी वेगळी मिळणार नाही.
फॅक्टरीत मी रोज असल्याच ओल्या फरशीवर चालते. काही होत नाही. दांडा गेला खड्ड्यात.

१५ तारीख, शनिवार, संध्याकाळ
उद्या सासूबरोबर धाकटी जाऊ पण येणार. तिची नजर आधी पायांवर जाते, मग तोंडाकडे. लेकीने टाचांसाठी मलम आणून दिलं. चार दिवस झाले, लावून मोजे घालते. टाचा लोण्यासारख्या झाल्यात. बघ म्हणावं आता.

१६ तारीख, रविवार
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर असंच येणार.
सासू वॉकर धरून बाथरूमच्या दारात, मागे जाऊ. सासू म्हणाली, चकाकतंय गं बाई, पण मी काही यात पाय टाकायची नाही. डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, मी चालून दाखवते. बादली ओतली, आत गेले. दुसऱ्या पावलाला छत दिसलं.
उजवं मनगट मोडलं. सासू वॉकर सोडून मला उचलायला निघाली होती. जावेने कमरेला धरून ठेवली, नाहीतर दोघी गेलो असतो.
फरशीत दोष नाही. मलमात आहे. लेकीला तसं सांगितलं. ओरडूनच सांगितलं.

१९ तारीख, बुधवार
सासू जावेकडे गेली. बरंच झालं. आपल्यामागची कटकट गेली.
एका हाताने अंघोळ जमत नाही. लेक कॉलेजात. ह्यांना सांगायची लाज वाटते. आमच्या बाथरूममध्ये तसंही कुणी जात नाही, हे सकाळी शेजाऱ्यांकडे जातात.
शेवटी आज जावेकडे गेले. त्या काळ्या फरशीवर सासू स्वतः एका स्टुलावर बसली, मला पुढ्यात दुसऱ्यावर बसवलं आणि डोक्यावरून पाणी घालायला लागली. प्लास्टरवर जावेने पिशवी बांधली होती. मी म्हटलं, फक्त आजच्यापुरतं हां, आणि आमची फरशी तुम्ही नीट बघितलीच नाहीत.
सासू म्हणाली, गप बस, तोंडात साबण जाईल.
गप बसले.