तिला सांगायची तालीम

अव्वा, तू जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज मला तुझ्याशीच बोलायचंय, कारण तुझ्या लेकीशी बोलायची मला भीती वाटते आहे. तू हसशील. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या आम्ही दोघींनी आता कलबुर्गीत कंपनी काढली आहे, आणि ती कसली, तर कामाच्या ठिकाणी कसं बोलावं हे लोकांना शिकवायची. साहेबाला नको असलेली बातमी कशी सांगावी, गिऱ्हाईक चिडलं तर काय म्हणावं, मेल कसा लिहावा. दारावर पाटी आहे, पाटीवर दोघींची नावं.

हुलसूरचं तुझं स्वयंपाकघर आठवतं. बौद्धवाड्यातली पोर चुलीपर्यंत आली म्हणून तुझी जाऊ काही पुटपुटायच्या आत तू मला भाकरी थापायला बसवलंस. माझी दर वेळी फाटायची. एकदा आम्ही दोघी रुसून, एकमेकींकडे पाठ करून जेवायला बसलोय, आणि तू तवाच खाली उतरवतेस. "तोंडं शिवलीत व्हय गं? जे हाय ते बोला, मग वाढते." आम्ही बोललो. म्हणजे ती बोलली, मी मान हलवली.

अजूनही तसंच आहे. मागच्या आठवड्यात अफजलपूरकडच्या एका साखर कारखान्यात आमचा पहिला वर्ग झाला. ती बोलते तेव्हा कानडी, मराठी, दख्खनी उर्दू सगळं एकाच वाक्यात येतं, आणि खाली माना घालून बसलेली माणसं हळूहळू तोंड उघडतात. मी शेजारी उभी राहून फळ्यावर लिहिते. नंतर तिथल्या मॅनेजरचा मला फोन आला. वर्षभराचं काम द्यायचंय, पण "त्या मॅडमचं बोलणं फार गावठी वाटतं, तुम्ही एकट्याच या." मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, विचार करून सांगते. हे काम गेलं तर कंपनी गुंडाळावी लागेल, आणि घेतलं तर तुझी लेक जाईल.

काल दुपारी धीर केला, तोही आडून. म्हटलं, "नवा सराव करून बघू. भागीदाराला कामातून वगळल्याचं सांगायचं. तू ती भागीदार." तिनं हौसेनं खुर्ची ओढली. मी सुरू केलं: परिस्थिती, कंपनीचं हित, तिचे गुण.

"घोळ कामून घालायलीस?" ती मध्येच म्हणाली. "समोरचीचा जीव टांगणीला लागलाय. एका वाक्यात सांग."

मग सांगितलं. "त्यांना तू नकोस. मला एकटीलाच बोलावलंय."

तिनं खुर्ची मागे सरकवली. "बरं," म्हणाली. "तू जा. कुणीतरी एकीनं तर जायलाच पायजे." मग एकदम हसली, "जमलं की गं तुला! उद्या वर्गात हाच सराव घेऊ," म्हणत चहा सांगायला खाली गेली. चहा लगेच वर आला, ती बऱ्याच वेळानं आली. तोंड धुतलेलं होतं.

मी गार झालेला कप तिच्यापुढे सरकवला. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे, तिच्या हाती लागायला नको. तो नुसता सराव नव्हता, हे तिला कळलं की नाही, देव जाणे. पण ती खाली होती तेवढा वेळ, अव्वा, मला सुटल्यासारखं वाटत होतं.