बेंग मीलियात पाय मुरगळला तेव्हा

सिएम रीप,
माघ पौर्णिमा होऊन गेल्यावर

प्रिय आई,

पत्र बघून आधी घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते की घरी सगळे बरे आहेत. तुमची नात मालिस बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, मीही बरी आहे. फक्त उजवा पाय उशीवर ठेवून बसले आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारची थीदा मावशी कुंपणाशी येऊन उभी राहते. मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तुम्ही चष्मा लावून, विहाराच्या मागच्या आंब्याखाली बसून, सावकाश वाचा. मध्येच दुसऱ्या कुणा साध्वीला वाचायला देऊ नका. शेवटपर्यंत स्वतःच वाचा.

गेल्या आठवड्यात पोलंडचे पाहुणे होते. सगळे साठीच्या पुढचे, एकमेकांचे शेजारी. त्यांच्यात हेलेना नावाच्या एक आजी होत्या, तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याइतक्याच फटकळ. गाडीवर नेहमीप्रमाणे फानित होता. देवळं दाखवताना मी लांबून जवळ येते हे तुम्हाला माहीत आहे; अंगकोर वाट पहिल्याच दिवशी दाखवलं की पुढची देवळं बिचारी धाकट्या जावेसारखी दिसतात. म्हणून आधी बांते स्रेई, मग बेंग मीलिया आणि को केर, मग बायोन आणि सर्वांत शेवटी अंगकोर वाट. बांते स्रेईला जाताना आपल्या प्रेआ दाकच्या बाजारात गाडी थांबवली. तुमची शेवया विकायची जागा आता थीदा मावशीच्या भाचीने घेतली आहे. शेवया चांगल्या पाडते, पण माशाच्या हिरव्या रश्श्यात गवती चहा कमी पडतो. तिने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, “कळलं, कळलं. सासूची सर नाही. सासू गेली डोकं भादरून विहारात, आणि तू अजून प्रत्येक वाडग्यात तिला शोधतेस.” फानित मान खाली घालून खात होता. त्याने दुसरा वाडगा मागितला तेव्हा ती म्हणाली, “याला बरं कुठलंही चालतं.” तो म्हणाला, “चालत नाही, भूक लागते.” एवढंच. तुम्हाला माहीतच आहे, तो किती बोलतो ते.

पुढे बांते स्रेईच्या कोरीव दगडी दारांपाशी पाहुणे फोटो काढत होते आणि मला तुमची शेवया पाडायची लाकडी फळी आठवत होती. तुमचा विबोल वारल्यावर त्याचे काका काम्पोंग चामहून आले होते. आपल्यात नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, पण मला घरच नव्हतं म्हणून मी तुमच्याकडे आले, त्यावरून लोक आधीच हसायचे. काकांनी शंभराव्या दिवसाचं जेवण पोटभर जेवून घेतलं आणि मग म्हणाले, आता मुलगाच राहिला नाही, तर हिला हिच्या मावशीकडे पोचवून देऊ. मी भांडी घासत होते. तुम्ही पळी हातात घेऊन बाहेर गेलात आणि म्हणालात, “जरूर पोचवा. मीही हिच्याबरोबर जाते. घर तुम्ही सांभाळा. कोंबड्यांना पहाटे दाणे लागतात आणि मागचं छप्पर गळतं.” काका पुढच्याच बसने गेले. मग तुम्ही आत येऊन मला रागावलात की तेच पातेलं किती वेळ घासतेस, तळ जाईल त्याचा. त्या दिवशी मी तुम्हाला काहीच बोलले नाही. बोलायला लागले असते तर रडले असते, आणि तुम्हाला रडणारी माणसं आवडत नाहीत.

विबोलचं गाईडचं काम मी करावं हेही तुमच्याच डोक्यातून निघालं. मी म्हणाले, मला कुठे येतं चारचौघांत बोलायला. तुम्ही म्हणालात, नवऱ्याशी भांडताना बरं येत होतं. परवान्याच्या परीक्षेसाठी मी तुमच्या फळीशेजारी उभी राहून इंग्रजीत सूर्यवर्मन राजाची गोष्ट घोकायची. तुम्ही शेवया पाडत ऐकायचात. शब्द एकही कळत नव्हता, तरी सांगायचात, “इथे तुझा आवाज खाली जातो. तिथे तुला स्वतःलाच खरं वाटत नाहीये. परत म्हण.” मालिस तुमच्या मांडीवर. आज पाहुणे मला म्हणतात की तुम्ही बोलता तेव्हा दगड जिवंत वाटतात. त्यांना काय सांगू? दगडांआधी मी रोज एका माणसाला पटवून आलेली आहे, तुम्हाला.

तर बेंग मीलिया. ते देऊळ तुम्ही पाहिलेलं नाही. सगळं कोसळलेलं, दगडांचे ढीग, त्यावर झाडांची मुळं. सरकारने लाकडी फळ्यांची वाट बांधली आहे, आणि मी पाहुण्यांना दहादा सांगते की फळी सोडू नका. हेलेना आजींची टोपी वाऱ्याने उडाली आणि ती पकडायला फळी सोडली कुणी? मीच. शेवाळावरून पाय घसरला तो दोन दगडांच्या फटीत. आई, इतकं दुखलं की मला इंग्रजी आठवेना. मी चक्क खमेरमध्ये तुमच्या नावाने ओरडले. पाहुण्यांना वाटलं मी मंत्र म्हणते आहे. फानित बाहेर गाडीपाशी होता. तो कसा आला मला कळलं नाही. त्याने पाय बघितला, बोटं हलवायला सांगितली, मग गळ्यातला क्रमा-पंचा काढून घोट्याला घट्ट बांधला आणि मला पाठीवर घेतलं. मी म्हणाले, सोड, पाहुणे बघताहेत. तो म्हणाला, “बघायलाच आलेत. पैसे भरलेत त्यांनी.” तुम्हाला सांगते, मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू. विबोल गेल्यापासून मी अशी हसले नव्हते, आणि हसता हसताच ते माझ्या लक्षात आलं.

वाटेवरच्या दवाखान्यात हाड मोडलं नाही म्हणाले. कचेरीला फोन केला तर दुसरी गाईड दोन दिवस मोकळी नव्हती. पाहुणे म्हणाले, आम्हाला तूच हवीस. मग को केरला मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चिंचेखाली बसून सगळा इतिहास आधीच सांगून टाकला, आणि वर चढताना कुणी पडू नये म्हणून फानितला बरोबर पाठवलं. त्याला बजावलं, ड्रायव्हरने माहिती द्यायची नसते, तू नुसता हात धर. ते सगळे त्या उंच मनोऱ्यावर मुंग्यांसारखे चढताना मी खालून पाहत होते. थोड्या वेळाने वरून हसण्याचा मोठा आवाज आला. खाली आल्यावर हेलेना आजींनी सांगितलं. कुणीतरी त्याला विचारलं होतं, एवढं बांधून राजांनी थोड्याच वर्षांत राजधानी परत अंगकोरला का नेली? हा बराच वेळ विचार करून आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “इथे पाणी नाही. राणी बोलली असेल.” मी त्याला दटावलं की असं कुठल्याही शिलालेखात नाही. तो म्हणाला, “राणीचं बोलणं शिलालेखात कोण कोरतं?”

त्या संध्याकाळी हेलेना आजी माझ्या पायाला बर्फ लावत होत्या. त्यांनी सरळ विचारलं, “तो तुझा नवरा का?” मी म्हणाले, नाही, माझ्या नवऱ्याचा मित्र. नवरा वारला. त्या म्हणाल्या, “मग तो तुझ्याकडे आरशातून का बघत असतो?” मी म्हणाले, मागून गाड्या येतात म्हणून. त्यांनी बर्फ असा दाबला की मी किंचाळले.

आई, आता जे लिहिते ते लिहायला मी सकाळपासून हे पत्र लांबवते आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

शेवटच्या दिवशी अंगकोर वाटला मी काठी घेऊन पहिल्या ओवरीपर्यंत गेले. पाहुणे वरच्या गाभाऱ्याकडे चढले, आणि मी तळ्याच्या काठी बसले. फानित शहाळं घेऊन आला, माझ्या हातात दिलं आणि गेला नाही. उभाच राहिला. मग म्हणाला की मी बात्तंबांगला जाऊन आलो. मला वाटलं कुणाला तरी गाडीने सोडायला गेला असेल. तो म्हणाला, पितरांच्या पंधरवड्यानंतर गेलो होतो, तुझ्या सासूबाईंकडे. आणि मग, आई, या माणसाने कधी नव्हे ते सलग बोलून सगळं सांगितलं. सकाळभर त्याने विहाराचं अंगण झाडलं. झाडलेलंच पुन्हा झाडलं. शेवटी तुम्ही ओट्यावरून ओरडलात, “पानं संपली असतील तर बोल आता!” त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, “सासूला विचारून सून पळवायला आलेला पहिलाच पाहिला. मला काय विचारतोस? ती माझ्या घरची आहे, माझी वस्तू नाही. तिला विचार. आणि नाही म्हणाली तर तोंड पाडून गाडी चालवू नकोस, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.” तो निघाला तेव्हा तुम्ही त्याला परत बोलावलंत आणि म्हणालात, विबोलचा फोटो भिंतीवरून काढायचा नाही. तो म्हणाला, “मावशी, तो माझाही मित्र होता. मी पुसत जाईन.” मग तुम्ही त्याला जेवायला वाढलंत आणि स्वतः पाठ करून बसलात.

पाठ करून का बसलात, ते त्याला कळलं नाही. मला कळलं.

मी त्याच्यावर चिडले. म्हणाले, मला विचारायचं सोडून आधी त्यांना? तो म्हणाला, “तुझ्यापेक्षा त्यांची भीती जास्त वाटत होती. अवघड ते आधी उरकलं.” मग मी शहाळं बाजूला ठेवलं आणि तिथेच, इतक्या लोकांची ये-जा चालू असताना, रडले. त्याच्यासाठी नाही. एवढे महिने तुम्हाला ठाऊक होतं. नोव्हेंबरात मी आणि मालिस तुम्हाला भेटायला आलो, तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावलंत, कोंबड्यांची चौकशी केलीत, आणि एक शब्द काढला नाहीत. ना हो म्हण, ना नाही म्हण. मी तुमच्या मर्जीने निवडू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात. तुमच्यासारख्या बोलक्या बाईला ते किती जड गेलं असेल! ज्या बाईने एकुलत्या एक मुलाला अग्नी दिला, तिच्याकडे मी या गोष्टीची परवानगी कधी मागू शकले असते का? मन झालं असतं तरी ते मी दाबून टाकलं असतं आणि त्यालाच कृतज्ञता म्हटलं असतं. तुम्ही मला ते करू दिलं नाही.

घरी येऊन मालिसला विचारलं. ती गंभीर चेहरा करून म्हणाली, “म्हणजे फानितकाका रोज शाळेत गाडीने सोडणार?” मी म्हणाले, बहुतेक. “आणि आजीला आणायलाही गाडीने जाणार?” मी म्हणाले, जाऊ. मग ती विबोलच्या फोटोसमोर जाऊन काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही. परत आली आणि म्हणाली, बाबा ठीक आहे म्हणाला.

मी त्याला हो म्हणाले आहे, आई. लग्न लावणाऱ्या आचार्यांनी नववर्षाच्या आधीचा दिवस काढून दिला आहे. पण हे पत्र ते कळवायला लिहिलेलं नाही. ते तुम्ही माझ्या आधीपासून ओळखून होतात. मागायचं आहे ते वेगळं. वरात फळांची ताटं घेऊन दाराशी येईल तेव्हा वधूच्या आईने दारात उभं राहायचं असतं, आणि मनगटाला पहिला लाल दोरा तिनेच बांधायचा असतो. माझी मावशी येईन म्हणाली आहे, तिला मी मानाने बसवेन. पण ती जागा तिची नाही. आचार्यांना मी विचारलं की पांढरं नेसलेल्या साध्वीला तिथे बसता येईल का. ते म्हणाले, तशी रीत नाही, पण तशी मनाईही कुठे लिहिलेली नाही. त्यांची इच्छा असेल तर मी पाटावर त्यांचं नाव घेईन, असंही म्हणाले. आई, तुम्ही या. विबोलची आई म्हणून नका येऊ, त्या नात्याने तुम्हाला त्या मांडवात बसायला सांगण्याइतकी मी निर्दय नाही. माझी आई म्हणून या. पहिल्या लग्नात माझ्या बाजूचा पाट रिकामा होता आणि तुम्ही समोरच्या बाजूला बसला होतात. या वेळी माझ्या बाजूला बसा. फानित शनिवारी गाडी घेऊन येतो आहे. नाही म्हणायचं असेल तर त्याला अंगण झाडायला लावा, तो समजेल. आणि हो असेल तर काही बोलू नका, नुसत्या गाडीत बसा.

तुमचीच लेक,
निमोल