टिकलीशी बोलायचं नाही

४ जून
वहिनीने आज स्पष्टच सांगितलं. "वन्सं, टिकलीसमोर बोलत जाऊ नका. तुमचं ऐकून तीही तशीच व्हायची."
टिकली पावणेतीन वर्षांची, अजून तोंडातून एक शब्द नाही. आणि मी तिची चाळीस वर्षांची तोतरी आत्या! दादा पेपरात तोंड खुपसून बसला होता. "ब-ब-बरं," मी म्हणाले. वहिनीला हसू फुटलं. मग दादालाही.

५ जून
गप्प.

९ जून
बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊन गेल्या. महागडी खेळणी नकोत म्हणाल्या. घरातली कामंच करू द्या तिला – मटार सोलणं, कपड्यांना चिमटे लावणं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतणं. बोटं चालू देत. आणि काम करताना सतत बोला. ओलं, कोरडं, वर, खाली.
"दिवसभर घरी कोण असतं?"
वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "पण ह्या फक्त हातांचं बघतील. बोलायचं मी बघते."
वहिनी ऑफिसातून सातला येते. टिकली साडेसातला झोपते.

१७ जून
चिमट्याला दोन्ही हात लागायचे, आज एका हाताने उघडला! माझ्या बाहीला लावला, मग केसांना, मग थेट नाकाला! ओरडलेसुद्धा नाही मी. दोघी आवाज न करता हसत बसलो.

२ जुलै
मोडला नियम. कपडे वाळत घालताना गुणगुणत होते – गाताना मी अडखळत नाही, लहानपणापासूनच. "ओला मोजा, वर वर वर", आपली कसलीही चाल. टिकलीच्या हातातला टॉवेल तसाच लोंबत राहिला. नुसती बघतेय माझ्या ओठांकडे!
मग दिवसभर गायले. पीठ मळताना, तिची बटणं लावताना, जिन्याच्या पायरीपायरीला. सात वाजायच्या आत गप्प.

२४ जुलै
"वल!"
मोजा डोक्यावर धरून! वल, वल, वल! मी तिला उचलून गच्चीभर फिरले.
पण सांगू कुणाला? कसं झालं विचारतील.

११ ऑगस्ट
व्हायचं ते झालं. रविवार, सगळे जेवायला बसलेले. टिकलीने माझा पदर ओढला. "आ-आ-आत्या, पा-पाणी."
त्यांनी ऐकलेले तिचे पहिले शब्द. वहिनीने फाडकन तिच्या गालावर दिली. "नीट बोल! पुन्हा म्हण!" टिकलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.
मी बाईंना फोन लावून वहिनीच्या हातात दिला. या वयात पुष्कळ मुलं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप जातं, फक्त घाई करू नका, रागावू नका – मलाही ऐकू येत होतं सगळं. वहिनीने मध्येच फोन कापला.
संध्याकाळी दादा खोलीत आला. "तू दुसरीकडे राहायचं बघ." दारातून वळून म्हणाला, "तुझं झालं ते झालं. पोर तरी नासवू नकोस."
शाळेत मला चिडवणाऱ्या मुलाचं डोकं फोडलं होतं याने.

१८ ऑगस्ट
बायकांचं वसतिगृह. कॉट, कपाट, खिडकी. निघताना टिकलीने माझ्या पिशवीला ओळीने चिमटे लावले होते. वहिनीने एकेक काढून घेतला.

६ ऑक्टोबर
दादाचा फोन. त्या रविवारपासून टिकली एक अक्षर बोललेली नाही. "चुकलं गं आमचं. परत ये. निदान दोन शब्द बोल तिच्याशी, कानाला लावतो." मग तिचा श्वास ऐकू आला. वाट बघत होती. मी तोंड उघडलं नाही. मागे दादा रडायला लागला. ते थोडा वेळ ऐकलं, बरं वाटलं, आणि फोन ठेवला.