चिमणीच्या कालवडीची नोंद

उदगीर, ४ जून २०२४

ती. काकूंस प्रकाशचा शि. सा. नमस्कार.

आपल्या कालवडीचा अर्ज देवणी गाईंच्या संघाने परत पाठवला. आईच्या रकान्यात चिमणी, आजीच्या चिमणी, पणजीच्याही चिमणी! तिथले साहेब म्हणाले, एकच गाय तीनदा कशी लिहिली? आपल्याकडे थोरल्या कालवडीला आईचंच नाव ठेवतात, हे त्यांना पटेना. तिघींच्या खुणा आणि त्यांचे बाप मालकिणीने लिहून सही करायची आहे. मालकीण तुम्ही. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर शुद्ध वंशावळीत घेणार नाहीत.

विश्वासदादा, वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती राखावी.

आपला प्रकाश

सिंगापूर, ८ जून

चि. प्रकाश यास आशीर्वाद.

तुझा साहेब फार शिकलेला दिसतो. घे लिहून. पणजी चिमणी तुझे काका गेले त्या वर्षी माझ्या भावाने पाठवली. अंग पांढरं, तोंड दोन्ही बाजूंनी काळं. बाप भावाचाच वळू. आजी चिमणी तिची लेक, उजवा कान फाटका. तुझ्या बापाचा दात तिनेच पाडला, बरं केलं. तिचा बाप देशमुखांचा वळू, मी स्वतः घेऊन गेले होते. तिसरी तुझ्या गोठ्यात आहे. तिच्या बापाचं मला विचारू नकोस. तेव्हा मी इथे सूनबाईच्या, विनीताच्या बाळंतपणाला होते. सालगड्याने गाय कुठे नेली ते सांगायला तो आता नाही.

इथे खालच्या बाईच्या कुत्र्याकडे आजोबा-पणजोबांच्या नावांचा कागद आहे. माझ्या नातवाला, नीलला स्वतःच्या पणजोबाचं नाव येत नाही. आठ वाजता सगळे बाहेर पडतात. मग बोलायला ती लिफ्टच काय ती, मजला सांगते तेवढंच. नीलला म्हटलं माझ्या या कागदाचा फोटो प्रकाशला पाठव, तर ‘कॅन ला’ म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत हो.

आहे तेवढी माया पुरवून वापर.

तुझी काकू

उदगीर, १५ जून

ती. काकूंस सा. नमस्कार.

साहेबांनी खुणा मान्य केल्या. आता एकच रकाना अडला आहे. तो कोरा ठेवला तर कालवड नुसती रूप बघून पहिल्या पिढीची म्हणून घेतील. मागच्या तिघी धरणार नाहीत, वंश इथून पुढे मोजतील. देशमुखांचाच वळू असणार, काकू. एवढी एक ओळ लिहा. कोण तपासायला येतंय? तुमच्या तीन गाई अशा पुसल्या जाव्यात, हे मला बघवत नाही.

राग नसावा, लोभ असावाच.

प्रकाश

सिंगापूर, १९ जून

चि. प्रकाश यास आशीर्वाद.

असणार म्हणजे काय? मी पाहिलं नाही, त्याखाली माझी सही नाही. तेव्हा मी पाच महिने गोठ्यात नव्हते, ते मला ठाऊक आहे. रकाना कोरा सोड. तिघींचं दूध प्यायलोय आपण, कागदावर नसल्या म्हणून ते आटत नाही.

आणि इथूनच मोजायचं तर मालक म्हणून तुझं नाव घाल. ही कालवड झाली तेव्हाही मी इथेच होते. तिचा रंग मला तू सांगितलास. बघितलीही नाही त्या जनावराची मी कसली मालकीण? रडू नकोस, आणि विश्वासला फोन करून सांगूही नकोस. तो मन रमवायला मला बागेत फिरायला नेईल.

नोंद झाली की कळव. सावकाश कळवलंस तरी चालेल, मी घरीच असते.

तुझी काकू