तुळई काढायला कोणी सांगितलं

श्टुटगार्ट,
१४ मार्च १९६५

दिनकरराव यांस नमस्कार.

घरी सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. माझी प्रकृती ठीक आहे. थंडी सरत आली, तरी रस्त्याच्या कडेला काळवंडलेलं बर्फ अजून पडून आहे. चि. सौ. शुभाला आशीर्वाद. तिला सातवा लागल्याचं आईनं कळवलं. तिला जपा.

तुमच्या पत्रात प्रश्न नेहमीचाच : ‘आपली भुयारी ट्राम कुठवर आली?’ तर शार्लोटेनप्लाट्झखाली वरच्या मजल्याचा स्लॅब पुरा झाला. रस्त्यावरच्या फळ्या काढून डांबर घालताहेत. आत रूळ येऊन पडलेत. पुढच्या वर्षी गाडी धावेल म्हणतात. तुम्ही पुण्याच्या कॉलेजात पडद्यावर चित्रं दाखवून या कामाबद्दल व्याख्यानं देता, त्यात ‘हा भाग माझ्या देखरेखीखाली झाला’ असं एक चित्र असतं, हे शुभानं मोठ्या कौतुकानं लिहिलंय. तुम्ही आणखी फोटो मागवलेत.

फोटो पाठवणार नाही.

गेल्या महिन्यात साइटवर कार्मेलो आला होता. नाव विसरला असाल तर आठवण देतो. ऑक्टोबर ६३ मध्ये खड्ड्याची बाजू ढासळली आणि इटालियन मजूर निनो तिच्याखाली गेला. ती बाजू तोलून धरणारी आडवी तुळई निनोच्या धाकट्या भावानं आपल्या मनानं काढली, असा चौकशीत निष्कर्ष निघाला. तो हा धाकटा भाऊ. आता मालधक्क्यावर पोती उचलतो. पंचविशीतला माणूस, केस पांढरे झालेत.

मला वाटलं, मारायला आलाय. मी मागे सरकलो. तो टोपी काढून म्हणाला, “इंजिनियर, एकच विचारायचंय. त्या दिवशी मला कोणी सांगितलं होतं, की मलाच तसं ऐकू आल्यासारखं वाटलं?”

मग तोच पुढे म्हणाला,

“तुझा दोस्त म्हणाला, सांगितलं नाही. तू म्हणालास, मी नकाशा बघत होतो. दोन शिकलेली माणसं कशाला खोटं बोलतील? म्हणजे बिघाड माझ्याच डोक्यात. आई मला घरात घेत नाही. म्हणते, भावाला पुरून आलास.”

आता अहोजाहो पुरे. शुभाशी लग्न झालं म्हणून तुला दिनकरराव म्हणायला लागलो, ते आज सोडतो.

दिनू, तू सांगितलं होतंस. मुकादम आजारी होता, दुपारी साहेब पाहणीला यायचे होते आणि तुळई आड येत असल्यानं पाइप खाली उतरत नव्हता. तिच्या बदल्यात खाली दुसरी तुळई बसायची होती, ती बसली नव्हती. कार्मेलोनं दोनदा मान हलवून नको म्हटलं. तू हातानं खूण करत जर्मनमध्ये ओरडलास, “वेग डामिट! काढ ती!” मी चार हातांवर होतो. माझ्या हातात नकाशा होता हे खरं. डोळे तुझ्याकडे होते.

त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीवर आलास. बसलाही नाहीस. “शुभाच्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यात. तू काय पाहिलंस ते तूच ठरव,” म्हणालास आणि गेलास. मी ठरवलं.

बहिणीसाठी खोटं बोललो, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. ते निम्मंच खरं आहे. माझा प्रबंध याच खड्ड्यात घेतलेल्या मोजमापांवर उभा होता. काम थांबलं असतं, तर मीही थांबलो असतो. तुझ्या नावानं बोटं मोडताना हे मी कधी मोजलं नाही. आज लिहून टाकतो, म्हणजे तुला ते माझ्या तोंडावर फेकायला उरणार नाही.

कार्मेलोला मी म्हणालो, “सांगितलं होतं. मी ऐकलं.” तो सिमेंटच्या गोण्यांवर बसला. टोपी तोंडावर धरून रडला. मला एक शिवी दिली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, “लिहून देशील?”

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलाच्या कचेरीत जबाब दिला. कारकुनानं विचारलं, “म्हणजे तुमचा आधीचा जबाब खोटा होता?” मी जर्मनमध्ये ‘हो’ म्हटलं, “या.” इतक्या वर्षांत हा शब्द इथे हजारदा बोललो असेन, पण असा कधी नाही. माझ्यावर खटला होईल. प्राध्यापकांनी प्रबंध बाजूला ठेवलाय, आणि कामावर यायचं नाही असा निरोप सोमवारी आला. जबाबाची इटालियन प्रत कार्मेलोच्या गावच्या पाद्र्याकडे धाडली, कारण त्याच्या आईला वाचता येत नाही. तिकडून अजून काही कळलेलं नाही.

तुलाही वकिलातीमार्फत पत्र येईल. मी वैरानं केलं असं तू सगळ्यांना सांगशील. वैर आहेच. ज्या हातानं तू त्याला खूण केलीस, त्याच हातानं माझ्या बहिणीला मंगळसूत्र घातलंस. पण जबाबात मी वैर लिहिलेलं नाही. जे घडलं तेवढंच लिहिलंय.

राहता राहिली शुभा. बाळंतपण होईपर्यंत थांबावं, असं फार वाटलं. पण मागच्या वेळीही मी लग्न होईपर्यंत थांबलो होतो. तेव्हा हे पत्र हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत तू तिला सांग. आमच्या आईला जवळ बसवून सांग. तिला माहेरी जावंसं वाटलं तर अडवू नकोस. तू सांगितलं नाहीस तर मी लिहीन. मग ती मला भाऊ म्हणो न म्हणो.

तुझा यापुढे कोणी नाही, पण त्या दिवसाचा तुझ्याबरोबरचा साक्षीदार मरेपर्यंत आहे, असा

श्रीनाथ