शेपटाले बांधलेली अट

कामरगाव, ६ मार्च १९५८

चिरंजीव प्रेमसिंग यास लखीराममामाचा राम राम. आमी इकडं खुशाल. कलकत्त्याचं पाणी तुले मानवत असन असं धरून चालतो. (नसन मानवत तं बरंच, डोकं ठिकाणावर येईन.)

तुह्यं पत्र नेहमीसारखं बदरुद्दीनभाईच्या दुकानापुढं वाचलं. मले अक्षर येत नायी, अन् सोयरिकीचं पत्र म्हणून पोरीचा बाप बाबूसिंगबी मीच बोलावला होता. भाईनं ठसक्यात वाचलं, "तुळसासाठी माझा होकार कळवा," अन् पान उलटाले बोटाले थुंकी लावली. तेवढ्यात बाबूसिंगनं मले कवटाळलं, गूळ वाटला, डफडेवाल्या देवलानं डफडं घुमवलं. माह्या तोंडात खडा असतानीच दुसरं पान निंघालं, "तिला लिहितावाचता येत असेल तर, नाहीतर नकार."

डफडं थांबलं. "होकार देऊन मंग परीक्षा घेता काय?" म्हणत बाबूसिंग उरलेला गूळ धोतराच्या सोग्यात बांधून चालता झाला. खाल्लेला मी कसा वापस देऊ?

अरे, अट आधी सांगावी हे तुले काहून समजत नायी? "लिहिता येत असन तं होकार, नसन तं नकार," एवढं सरळ सोडून अट शेपटाले बांधली! मानूस पहिल्या शब्दालेच उठून चालाले लागते. आफिसात हिशेबाच्या यंत्राले तू अशाच सूचना लिहून देतो म्हणे. ते यंत्र शेवटवर वाचून मंग हालत असन. त्याले कोनाच्या दारात तोंड दाखवाचं नायी. बदरुद्दीनभाई वरून म्हणते, "जुमला बिलकुल सही है, लखीराम." मी म्हणलं, वाक्य सही असून काय करता, ऐकणारा गूळ वाटून मोकळा झाला न! (दोन दिवस आमी बोललो नायी.)

बाबूसिंगच्या वट्ट्यावर मी तीन दिवस बसलो, तवा त्यानं पाणी विचारलं. पोरगी शिकली का, हे विचाराची माही हिंमत झाली नायी.

तुले आशीर्वाद, रागातले.

लखीराम

ता. क. खरं काम असं, की सुट्टी काढून तू सोता ये अन् बाबूसिंगचे पाय धर. बदरुद्दीनभाई कारंजाले गेले, तं बाबूसिंगनं हे पत्र लिवाले तुळसालेच बसवलं. अक्षर पाहून घे.

दुसरा ता. क. मामांनी सांगितलेल्या शिव्या मी गाळल्या आहेत. माझे हो की नाही, ते तुम्हाला पाहिल्यावर सांगेन. — तुळसा