मनातली कणीक

६ जानेवारी २०२५, घुग्घुस. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि मी आता मोठा होणार. नागपूरच्या एका हॉस्पिटलने मेंदूने चालणाऱ्या रोबोटिक हातासाठी हात गेलेले दोन जण घेतले, त्यात मी एक; माझा उजवा. डोक्यावर वायरींची टोपी घालायची, मनात 'उचल' म्हणायचं, की टेबलावरचा यांत्रिक हात उचलतो. तीन महिने प्रॅक्टिस. दोघांत जो सरस ठरेल त्याच्या कवटीत चिप बसेल आणि हात कायमचा त्याचा.
अट एकच. खर्रा बंद. सुपारी-चुन्यात घोटलेला तंबाखूच तो, आणि तंबाखूने ऑपरेशनची जखम भरत नाही म्हणे. फॉर्मवर घरच्या माणसाची हमी लागते. बायकोने, कमळाने, सही केली. त्याआधी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. अभिमान असावा.
खर्रा आत्ता, या मिनिटाला, कायमचा सोडला.

६ जानेवारी. दुपारी ४
शेवटचा एक. निरोपाचा.

१३ जानेवारी
पहिलं सेशन. हात हलला नाही. टोपी सैल होती.
दुसरी उमेदवार बुधरी, एटापल्लीच्या पलीकडची. अस्वलाने उजवा हात नेला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ही मेंदूची स्पर्धा आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, उगाच बिचारीचं बसभाडं.
डॉ. रूही मूळच्या हैदराबादच्या, यंत्र त्यांच्या ताब्यात. त्यांनी माझ्या हाताचं विचारलं. सांगितलं, कोळसा धुण्याच्या वॉशरीत कामाला होतो, सायरन न वाजताच कोळसा वाहणारा पट्टा सुरू झाला. बुधरी मध्येच म्हणाली, बंद पट्ट्यावर हात कायले टाकला होता? अडाणी प्रश्न. मी मॅडमना टोपी घट्ट करायला सांगितलं.

२७ जानेवारी
तिसरं सेशन. हात जागचा हलेना. बुधरीने पेला दोन इंच उचलला. कारण साधं आहे. तिच्या डोक्यात एका वेळी एकच विचार, माझ्या डोक्यात शंभर. मशीन गोंधळते. रूहीमॅडमना म्हटलं, कपॅसिटी वाढवा. त्या म्हणाल्या, बघू.
खर्रा बंद. जाहिदच्या पानठेल्यावर फक्त उभा राहतो. पेपर तिथेच येतो.

१० फेब्रुवारी
हलला!
कसा ते फक्त इथे लिहितो. कंटाळून डोळे मिटले आणि मनातल्या मनात खर्रा घोटायला घेतला. प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना, आणि वरून अंगठ्याची रगड. कर्र कर्र आवाज आला. डोळे उघडले तर यांत्रिक हात टेबल रगडत होता, काय लय होती! रूहीमॅडम खुर्चीतून उठल्या. एवढा स्वच्छ सिग्नल या प्रोजेक्टात आजवर आला नव्हता म्हणे. विचारलं, मनात काय आणलंत?
तोंडातून निघून गेलं, कणीक. बायको शिफ्टवाल्यांचे डबे करते, रोजच्या साठ पोळ्या, हात होता तेव्हा मीच कणीक मळून द्यायचो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कम्प्युटरमध्ये त्या हालचालीचं नावच 'कणीक' ठेवलं.
याला थाप म्हणता येणार नाही. कणीक मळावी असं माझ्या मनात वीस वर्षांपासून होतं.

११ फेब्रुवारी
मॅडमनी कमळाला फोन करून माझं कौतुक केलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "हात आला तं खरंच मळून द्याल?" हो म्हटलं. मग भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी गुणगुणायची तशी. बरं वाटलं. थोडं बरं नाहीही वाटलं.

२४ फेब्रुवारी
सिग्नल कमजोर. खर्रा सुटून दीड महिना (मधले काही दिवस वजा), त्यामुळे आठवण पुसट होते आहे. विज्ञानासाठी निर्णय घेतला, दिवसाला दोन. हे खाणं नव्हे. हे कॅलिब्रेशन.

१७ मार्च
दिवसाला सहा कॅलिब्रेशन.
बुधरी आली नाही. मोहफुलं पडायला लागली, वेचायला गेली. करिअरबद्दल सीरियस नाही. मैदान साफ.
कमळाने विचारलं, दात लाल काऊन दिसतेत? बीटचा ज्यूस, म्हटलं. आज तिने बीट आणलं. अर्धा किलो.

७ एप्रिल
बुधरी परत आली. टेबलावर वीस गोट्या होत्या. यांत्रिक हाताने एकेक उचलून वाटीत टाकल्या, एकही सांडली नाही. मनात काय आणलं, मॅडमनी विचारलं. म्हणाली, मोह वेचला. तिला दुसरं येतं काय.
जिन्यात मला गाठून म्हणाली, "भाऊ, मीबी खात होती. सोडला. तुमच्या तोंडाचा वास येते." खोकल्याचं औषध आहे, म्हटलं. ती हसली नाही, हे मला जास्त खटकलं.
परीक्षेनंतर खर्रा बंद. लेखी संकल्प.

१५ एप्रिल
परीक्षा. कमळा सोबत आली होती. घरची मोठी परात मांडीवर घेऊन बसमध्ये बसली, डब्यात मळलेली कणीक. मॅडमची कल्पना. कमिटीपुढे मी माझं सर्वोत्तम काम खऱ्या कणकेवर करून दाखवायचं. कमिटीतले चौघेही या भागाबाहेरचे.
टोपी घातली. कमळा बरोब्बर समोर.
खरं सांगतो, मी कणीकच मनात आणत होतो. दहा मिनिटं आणली. हात ढिम्म. जी कधी मळलीच नाही ती मेंदूत कुठून सापडणार? मॅडम घड्याळ बघायला लागल्या. आणि मग ते दुसरं आपोआप आलं.
हात परातीत उतरला. अंगठ्याने रगडलं, पुन्हा रगडलं. दोन थापट्या मारल्या. चिमूट उचलली, सरळ माझ्या तोंडाशी आणली, खालचा ओठ ओढला आणि कणीक आत दाबून बसवली.
कमिटीने टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या हाताने घास, म्हणाले, अद्भुत. दाराशी झिंगू उभा होता, चिमूरकडचा अटेंडंट. त्याला हसू आवरेना. "सायेब, हे जेवण नोहे. भाऊ खर्रा घोटून राह्यले."
मग लघवी तपासली, तीत तंबाखू निघाला.
माझ्या ओठाखाली कणीक होती, त्यामुळे खुलासा करता आला नाही. कमळाने परात उचलली, पुसली. "सही माझी होती," एवढंच म्हणाली.

१६ एप्रिल
चिप बुधरीला.
मॅडमचा फोन आला. माझा सिग्नल अजूनही सगळ्यांत स्वच्छ आहे, तो अभ्यासासाठी जपून ठेवणार. फक्त फाइलचं नाव बदललं. आता 'खर्रा'. म्हणजे विज्ञानाने माझी दखल घेतलीच.
कमळाने परात फळीवर उपडी घातली.
त्या दिवशी वॉशरीत सायरन वाजला होता. खर्र्याची पन्नी पट्ट्यावर पडली होती, ती उचलायला हात घातला.

१७ एप्रिल. सकाळी ६
कमळाने परात माझ्यापुढे ठेवली. वर पीठ, बाजूला पाण्याचा तांब्या. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य बोलली, "हात होता तवा मळली नाई. डावा तं आहे ना अजून." आणि शेगडी पेटवायला गेली.
पाणी जास्त झालं. मनगटापर्यंत चिकटलं. तिने येऊन वरून पीठ घातलं.
उद्या पाणी कमी घालीन.